अणदूरच्या सरळ दक्षिणेला

नकाशात धाराशिव जिल्ह्यातलं आमचं अणदूर सापडलं की त्यावर बोट ठेवावं आणि ते सरळ दक्षिणेकडे उतरवत न्यावं. पश्चिमेला विजापूर राहतं, पूर्वेला कलबुर्गी. कर्नाटक संपतं, केरळ लागतं आणि कोचीच्या आसपास जमीन सुटते. मग मालदीव पश्चिमेला ठेवून, विषुववृत्त ओलांडून बोट साधारण दहा अंश दक्षिण अक्षांशावर थांबवावं. रेखांश जवळपास आपल्या गावाचाच, 76 अंशांच्या आगेमागे. तिथे समुद्र पाच हजार मीटरांहून खोल आहे. उजेडाचा कण नाही, पाणी एक-दोन अंश तापमानाचं, आणि मऊ चिखलावर बटाट्याएवढाले काळे गोटे विखुरलेले. 1997 साली गोव्याच्या शास्त्रज्ञांनी या भागातला तळ मुद्दाम ढवळला होता, तिथल्या जिवांचं काय होतं ते पाहण्यासाठी.

भूगोलाच्या तासाला मी हे बोट मुलांकडून फिरवून घेतो. आमच्याकडच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांची सगळ्यात मोठी पाण्याची कल्पना म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणीमहालावरून कोसळणारी बोरी नदी, तीही पावसाळ्यात. समुद्राचा तळ आपल्याच रेषेवर आहे हे कळलं की वर्गात क्षणभर सगळे नकाशाकडे वाकतात. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली माझी भाची हे सारं लहानपणापासून ऐकत आली. यंदा ती म्हणाली, ‘‘मामा, नकाशावर किती दिवस फिरायचं? तळ ढवळणाऱ्या त्या माणसांना भेटून तरी येऊ.’’

पौष चालू होता. खंडोबा अणदूरच्या देवळात नव्हता, यात्रेसाठी नळदुर्गच्या मैलारपुरात मुक्कामी गेला होता. शाळूची ताटं कणसावर आली होती, हुरड्याचे दिवस. सोलापूरच्या रस्त्याला लागलो, मैलारपूरच्या दिशेने हात जोडले आणि निघालो.

सोलापूर ओलांडून मंगळवेढ्याकडे वळलं की दोन्ही बाजूंना ज्वारीच ज्वारी. ही जमीन मला घरच्यासारखी वाटते. तीच काळी माती, उन्हाळ्यात तिला तशाच भेगा. एका बांधावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. शेतमालक ज्वारीतून आला, आणि काही न विचारता त्याने तांब्याभर ताक आणून ठेवलं. कुठं चाललात असं विचारलं. भाचीने समुद्राच्या तळातले प्राणी अभ्यासणाऱ्या लोकांकडे, असं सांगितल्यावर तो थोडा थांबून म्हणाला, ‘‘पाऊस तिकडूनच येतो ना? मग बघून या.’’ आमच्या जिल्ह्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटरची सरासरी, आणि तीही भरवशाची नाही. समुद्राशी आमचं नातं या एका वाक्याएवढंच आहे, पण ते पोटाचं नातं आहे. 1960 च्या आसपास सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेतही मोसमी वाऱ्यांचा अभ्यास हे एक मोठं कारण होतं. अनेक देशांची जहाजं या कामाला लागली होती, आणि त्याच मोहिमेतून पुढे 1 जानेवारी 1966 रोजी भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. आज तिचं मुख्यालय गोव्यात दोनापावलला आहे. आम्ही तिकडेच चाललो होतो.

सांगोल्याच्या डाळिंबबागा, मिरज, कोल्हापूर. मग आजरा मागे पडल्यावर मातीचा रंग पालटायला लागला. काळी गेली, तांबडी आली. आंबोलीच्या घाटात गारवा होता, दरीतून धुकं वर येत होतं. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या गावांपैकी हे एक. घाटाच्या कातळावर हात ठेवून मी भाचीला म्हटलं, हा पत्थर आणि आपल्या रानातली काळी माती एकाच घरच्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर चढलेल्या लाव्ह्यातून दोन्ही आल्या. ज्या तप्त स्थानातून तो लाव्हा वर आला, ते आज हिंद महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं भूवैज्ञानिक मानतात. खोल समुद्राचा मूळ खडकही बेसाल्टच, वर हजारो-लाखो वर्षांचा गाळ साठलेला. तेव्हा आपण अगदी परक्या मुलखात चाललेलो नाही.

सावंतवाडी, बांदा, आणि गोवा.

गोव्यातली पहिली सकाळ ‘पों पों’ अशा आवाजाने उजाडली. पोदेर सायकलवर पाव घेऊन दारोदार फिरत होता. आमच्याकडे पहाट होते ती भाकरी थापण्याच्या आवाजाने, आणि ती घरातल्याच बाईच्या हातची. इथे सकाळची पोई बाहेरून येते आणि घरातल्या बाईला तेवढा वेळ मोकळा मिळतो. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. दुपारी दुकानं बंद होतात आणि कुणालाही त्याचा संकोच वाटत नाही. वैशाखात आमच्याकडेही माणसं दुपारी निंबाखाली आडवी होतात, पण दुकानाचं दार किलकिलं ठेवून.

पणजीच्या मासळीबाजारात भाची हरखून गेली. बांगडे, तारल्या, इसवण, सुंगटं, लेपे. एका कोळणीने आमची बोली ऐकून गाव विचारलं. सोलापूरच्या पलीकडे, असं सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘तुमच्या गांवांत दर्या ना?’’ नाही म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव आली आणि तिने वाट्यावर दोन बांगडे जास्तीचे घातले. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी त्यांचं तिरफळं घालून हुमण केलं. आमच्याकडच्या आठवडी बाजारात मासळी येते ती सुकलेली, सुकट आणि बोंबील. बाजारातले ओले बोंबील पाहून भाचीला ते ओळखूच आले नाहीत. पारदर्शक, मऊ, पाण्याने भरलेले. दुसऱ्याच दिवशी कळलं, की या बोंबलाचे नातेवाईक समुद्राच्या तळावर उभे राहून जगतात.

दोनापावलच्या टेकाडावर संस्था आहे. एका अंगाला मांडवीचं मुख, दुसऱ्या अंगाला जुवारीचं, पलीकडे मुरगावचं बंदर. आधी पत्र लिहून परवानगी घेतली होती. आम्हाला दाखवायला आलेली संशोधक मुलगी लातूरकडची निघाली. तिने बोलायला तोंड उघडलं आणि भाची लगेच ‘ताई’ म्हणून तिला चिकटली. तिच्या घरी समुद्राचं काही नव्हतं. वडील शेती करतात, आणि ती जहाजावर गेली की आई सोमवारचा उपास धरते.

तिने आधी बरण्या दाखवल्या. काळा, तोंडभर दातांचा मासा, कपाळावरून पुढे आलेला एक दांडा. हा अँगलर मासा. दांड्याच्या टोकाला चमकणारे जिवाणू राहतात आणि त्या उजेडाकडे भक्ष्य येतं. हे सगळं मादीचं. काही जातींत नर अगदी चिमुकला असतो. मादी सापडली की तिला चावा घेऊन धरतो आणि हळूहळू तिच्या शरीरात मिसळून जातो, रक्तप्रवाहासकट. भाचीने ‘ईऽऽ’ केलं. ताई हसली नाही. ती म्हणाली, ‘‘अगं, तिथं दोघांची गाठ पडणं हीच आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. एकदा पडली तर सोडायची कशाला?’’ मग तिने तिपायी माशाचं चित्र दाखवलं. परांचे तीन लांब काटे तळाच्या चिखलात रोवून हा मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. डोळे जवळजवळ निकामी. पुढचे पर हातांसारखे पसरून तो पाण्यातली हालचाल चाचपत राहतो, खाणं आपल्याकडे वाहत येईल म्हणून. एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही. जोडीदार कधी भेटलाच नाही तरी वंश अडत नाही. आपला बोंबील आणि हा तिपायी एकाच गणातले. आठवडी बाजारात वाट्याने घेतलेल्या बोंबलांकडे मी यापुढे निराळ्या नजरेने पाहणार आहे.

पण ताईचं स्वतःचं काम या देखण्या आणि भयंकर प्राण्यांवर नाही. तिचे जीव डोळ्यांना दिसतच नाहीत. तळाच्या चिखलात राहणारे सूत्रकृमी, इवलेसे कवचधारी, केसाएवढे कृमी. ते गोळा कसे करतात हे तिने सांगितलं तेव्हा मला या पेशाचा खरा अंदाज आला.

पोलादी चौकोनी पेटी तारेला बांधून खाली सोडायची. पाच किलोमीटर तार उलगडायलाच दीड तासाच्या वर जातो. पेटी तळाला टेकली की ताण बदलतो, तो वर बसलेल्याने ओळखायचा. मग तितकाच वेळ वर ओढायला. कधी पेटी रिकामी येते, कधी तिरकी होऊन चिखल सांडून येते, आणि अर्धा दिवस गेला असं समजून पुन्हा सोडायची. चांगली आली तर सगळे डेकवर धावतात. ‘‘सर, वर ऊन असं असतं की पत्रा पोळतो. आणि पेटीतला चिखल बर्फासारखा गार. हात घातला की कळा येतात. पहिल्यांदा हात घातला तेव्हा मी काही बोललेच नाही.’’ तो चिखल थराथराने कापायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, औषधात ठेवायचा, त्यात गुलाबी रंग घालायचा. जे जिवंत होतं ते गुलाबी होतं, माती तशीच राहते. मग किनाऱ्यावर येऊन सूक्ष्मदर्शकाखाली महिनोन् महिने, कधी वर्ष वर्ष, एकेक गुलाबी कण सुईने वेगळा करायचा, ओळखायचा, मोजायचा.

जहाजावरचे दिवसही तिने सांगितले. एक मोहीम महिनाभर, कधी त्याहून लांब. चार तासांच्या पाळ्या, रात्रीच्या तीन वाजताही कुणीतरी यंत्रापाशी उभं. पहिले काही दिवस समुद्र लागतो, अन्न ठरत नाही, आणि तरीही पाळी चुकवता येत नाही. भाजी संपत आली की कांदा आणि बटाटा. दिवाळी आली तर फराळ डब्यातून वाटून खायचा. वेगवेगळ्या राज्यांची माणसं. भांडणंही होतात, पण दार आपटून जायला जागा नसते, म्हणून मिटतातही लवकर.

या कामामागे मोठी परंपरा आहे, आणि तिचे धागे आपल्याकडे येतात. 1881 मध्ये मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचं सर्वेक्षण-जहाज बांधलं गेलं. त्यावर निसर्गतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉक्टर आल्फ्रेड अल्कॉक यांनी हिंदी महासागर आणि बंगालच्या उपसागरातून जाळ्यात आलेले कितीतरी खोल पाण्यातले मासे पहिल्यांदा शास्त्रात नोंदवले. 1902 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. स्वतंत्र भारतात ‘गवेषणी’ हे जहाज आलं, आणि 26 जानेवारी 1981 रोजी त्यावरच्या चमूने हिंद महासागराच्या तळातून ते काळे गोटे वर काढले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोव्याहून पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम निघाली. नेते होते या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. सय्यद झहूर कासीम. नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत याच संस्थेतल्या. ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं पुस्तक हाती पडलं आणि त्यांची वाट ठरली. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ ठरल्या. तळाच्या जिवांच्या अभ्यासात बबन इंगोले यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञाने इथे दीर्घ काळ घालवला. समुद्रविज्ञान म्हणजे किनाऱ्यावरच्यांचं काम, हा आमच्याकडचा समज या नावांपुढे टिकत नाही.

संध्याकाळी ताई आम्हाला दोनापावलच्या धक्क्याकडे घेऊन आली. पर्यटकांची गर्दी होती, टोप्या आणि शंखांची दुकानं होती. सूर्य पाण्याला टेकला तसं तिने पश्चिमेकडे हात केला. म्हणाली, आत्ता या घटकेला तिकडे खोल समुद्रात एक प्रचंड यात्रा वर निघाली आहे. कंदीलमासे, अंगावर उजेडाचे ठिपके असलेले, बोटाएवढे. अरबी समुद्रात सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटरांच्या पुढपर्यंत पाण्याचा असा पट्टा आहे की तिथे प्राणवायू जवळजवळ नाही. शत्रू तिथे फिरकत नाहीत, म्हणून हे मासे दिवसभर तिथेच दम धरून राहतात, आणि अंधार पडला की खाण्यासाठी वर येतात. उजाडलं की पुन्हा खाली. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या ध्वनियंत्रांना समुद्रात एक खोटा तळ दिसायचा, रात्री वर सरकणारा आणि दिवसा खाली जाणारा. तो अशाच जिवांचा थर होता.

भाची चटकन म्हणाली, ‘‘म्हणजे आपल्या खंडोबासारखं.’’ ताईला तो संदर्भ कळेना, तेव्हा भाचीने समजावलं: देव सव्वादहा महिने अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, दोन्ही गावांत लेखी करार होतो, मग पालखी निघते, दोन्ही ठिकाणं त्याचीच, एकाही ठिकाणी तो पाहुणा नाही. ताई म्हणाली, अगदी तसंच. आणि या येण्याजाण्याने वरचं अन्न खाली पोहोचतं. एरवी तळाला काय मिळतं? वरून झिरपत येणारा कचरा, मेलेल्या सूक्ष्म जिवांचा भुगा, विष्ठा. वर जे पिकतं त्याचा जेमतेम शंभरातला एखादा भाग पाच हजार मीटर खाली पोहोचतो. त्यावर तळाचं सगळं गोकुळ चालतं. मला आमच्याकडची दुष्काळातली घरं आठवली नाहीत असं कसं म्हणू? थोडक्यात जगणारे जीव मंद असतात. हळू वाढतात, उशिरा विणतात, आणि एकदा उठवलेला संसार त्यांना लवकर मांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या काळ्या गोट्यांवर आलो. तळहातावर घेतला तर हलका, खरखरीत. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, इतकाच त्याचा वाढीचा वेग. मी हातात घेतलेला गोटा माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी वाढू लागला होता. हिंद महासागराच्या मध्यभागी 75,000 चौरस किलोमीटरच्या टापूत शोध घेण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय करारानुसार भारताकडे आहे, आणि तिथे सुमारे 38 कोटी टन गोटे असल्याचा अंदाज आहे. विजेच्या गाड्यांना बॅटरी लागतात, बॅटरीला निकेल आणि कोबाल्ट लागतं. त्यासाठी देश तयारीला लागला आहे. 2021 मध्ये खोल सागर मोहिमेला मंजुरी मिळाली. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत ‘मत्स्य 6000’ घडते आहे, तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी, टायटॅनियमच्या गोळ्यात माणसं बसणार, कारण तिथे वरच्यापेक्षा सहाशे पट दाब असतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या ‘नॉटील’ पाणबुडीतून अटलांटिकमध्ये एक चार हजार आणि दुसरा पाच हजार मीटरपर्यंत जाऊन आले. याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि तो लपवायचं कारण नाही.

पण त्या गोट्यांवरही घरं आहेत. चिखलाच्या त्या मैदानात टणक जागा म्हणजे हे गोटेच, म्हणून स्पंज, प्रवाळ आणि एकपेशीय असूनही तळहाताएवढे वाढणारे जीव त्यांनाच धरून राहतात. गोटा उचलला की घर गेलं, आणि नवा गोटा व्हायला लाखो वर्षं. 1989 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या खोल तळावर नांगरट करून पाहिली. 26 वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर चरे तसेच होते. आपल्या 1997 च्या प्रयोगानंतरही इथले लोक वर्षानुवर्षं त्या पट्ट्यावर परत जात राहिले, जीव कमी झाले ते किती आणि भरून आले ते किती, हे मोजत. प्रशांत महासागरातल्या अशाच गोट्यांच्या पट्ट्यात 2023 मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा आढळलेल्या 5,578 प्रजातींपैकी सुमारे 90 टक्के शास्त्रात नोंदच झालेल्या नव्हत्या.

ताईने शेवटी एक चित्र दाखवलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हिंद महासागराच्या मध्यवर्ती पर्वतरांगेत, सुमारे 2,400 मीटर खोल, तप्त पाण्याचे झरे आहेत. 2001 मध्ये तिथे एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले, आणि खवल्यांवर लोखंडाच्या सल्फाइडचा मुलामा. लोखंडाचं चिलखत घालणारा दुसरा प्राणी माहीत नाही. ती जगात फक्त हिंद महासागरातल्या मोजक्या झऱ्यांपाशी राहते, आणि 2019 मध्ये ती धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत गेली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे त्या यादीत गेलेला तो पहिला जीव. त्याच महासागराच्या पर्वतरांगांत धातूंच्या शोधाचे करार आज आपल्या देशाकडेही आहेत. भाची बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसली. मग तिने विचारलं, ‘‘ताई, हे सगळं मोजायला माणसं किती आहेत?’’

‘‘कमी,’’ ती म्हणाली. ‘‘खूपच कमी. जहाजं येतील, यंत्रं येतील. कृमी ओळखणारी माणसं तयार व्हायला दहा-दहा वर्षं जातात.’’

माझं मत पक्कं झालं आहे. गोटे काढायचे की नाहीत हा निर्णय देशाने घ्यावा, पण तळावर कोण राहतं याची मोजणी आधी पूर्ण व्हावी, आणि मोजणीचे आकडे लोकांपुढे यावेत. शेतजमिनीची मोजणी झाल्याशिवाय आमच्याकडे बांधसुद्धा हलवू देत नाहीत. तीच रीत समुद्राच्या तळालाही लागू असावी.

भाचीने गोवा विद्यापीठाच्या सागरी विज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कोचीच्या विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवतात. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूरकडच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे: बारावीनंतरच्या वाटा सांगताना ही वाटही सांगा. मुलांना समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही, चिखलात हात घालायची तयारी असली की पुरे, आणि ती आपल्या मुलांकडे आहे.